आबांना विचारायचं राहिलं

आई, तुझ्यावर चोरीचा आळ आला तेव्हा मी बारामतीला कॉलेजात होते. नव्वद सालानंतरची ती वर्षं. तू कामाला होतीस त्या कारखान्याच्या कॅन्टीनमधून गोडेतेलाचे डबे गेले, आणि ते तू नेताना पाहिलं असं सांगणारा साक्षीदार एकच, कॅन्टीनचे मुकादम, म्हणजे आपले आबा. तुझे थोरले दीर. चौकशी अधिकाऱ्यानं नियमाप्रमाणे तुला म्हटलं, "बाई, साक्षीदाराला काय विचारायचं ते विचारा." तू डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढलास आणि भिंतीकडे तोंड केलंस. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं, 'प्रश्न नाहीत.' संध्याकाळी लासुर्ण्याच्या घरात तू चुलीपुढं भाकरी थापते आहेस आणि बारामतीहून आलेली मी तुझ्यावर ओरडते आहे, "अगं, स्टोअरची किल्ली कुणाकडं असायची, एवढं तरी विचारायचंस!" तू मान वर करत नाहीस. "थोरल्या दिराच्या तोंडाला तोंड कसं देऊ? आपल्यात तसं न्हाय. लोकं काय म्हणत्याल?" लोक चोर म्हणाले. तेव्हा मात्र कुणाला रीतभात आठवली नाही. तुझी नोकरी गेली, आणि तू अंथरूण धरलंस ते धरलंसच.

आता इंदापूरकडच्या एका कंपनीत मीच अशा चौकश्या चालवते. आरोप असलेल्या कामगाराला स्वतः बोलणं जमत नसेल, तर त्याच्या वतीनं दुसरा कामगार साक्षीदाराला प्रश्न विचारू शकतो. ही सोय तेव्हाही होती गं. तुला कुणी सांगितलीच नाही. हे आठवलं की माझा जीव तळमळतो, जेवण जात नाही, कुणाचा गळा धरावा कळत नाही. खरं काय ते सांगू शकणारे एकटे आबाच उरले होते. डॉक्टरांनी त्यांची आशा सोडल्याचं कळलं, तशी मी कन्हेरीला त्यांच्या लेकीकडं गेले. वाटभर सगळे प्रश्न घोकत गेले. आबांनी मला ओळखलं. म्हणाले, "तुझ्या आईच्या हाताला लई चव हुती बघ."

परवा आबा गेले. आता मी कुणाला विचारू, आई? तुझ्यावरचा डाग घेऊन कुठं जाऊ? हे पत्र पाठवायलाही पत्ता नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी कन्हेरीला मी ओढणी डोक्यावर घेतली, त्यांच्या पाया पडले आणि एवढंच विचारलं, "आबा, चहा ठेवू का?"