भारताची झेप, २००३

५ जानेवारी, सकाळी ७
संकल्प. विषय: भारत आणि अर्जेंटिना, सरकारांचं निर्यात करातलं उत्पन्न, १९९१ ते २०२०, तुलना. पीएच.डी.चं अकरावं वर्ष. मुदत ३१ मार्च. रोज पाच वर्षांचे आकडे टाइप केले की सहा दिवसांत विषय खलास. राजारामपुरीतला माझा शिकवणीचा क्लास महिनाभर बंद ठेवलाय.

आकडे मी वाचत नाही, ऐकून टाइप करतो. वाचायची अंजना, माझी बायको. डाव्या हातात भारताचा कागद, उजव्या हातात अर्जेंटिनाचा. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी तिनं सगळे आकडे माझ्या मोबाइलवर वाचून ठेवले. एक तास चार मिनिटं. नोव्हेंबरात ती गेली. रेकॉर्डिंग आहे, म्हणजे अडचण काहीच नाही. कागद तिच्या कपाटात आहेत. उघडायची गरज नाही.

८ जानेवारी
१९९१ पूर्ण. वेग जरा कमी. कीबोर्डवर धूळ होती.

१९ जानेवारी
२००२ झालं. तिथं रेकॉर्डिंगमध्ये दूध उतू जातं. अंजना "अगं बाई" म्हणून उठते, भांडं आपटतं, मग परत येऊन वाचू लागते. मला खरंच करपल्याचा वास आला. जाऊन पाहिलं, गॅस बंद. मी असलं काही मानत नाही. चहा मात्र सवयीनं दोन कप झाला.

२० जानेवारी
शोध! २००३ पासून भारताचा निर्यात कर एकदम वर, एकूण करांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. अर्जेंटिना शून्याला टेकला. अख्ख्या जगाच्या नजरेतून सुटलं. प्रकरणाचं नाव ठरलं: भारताची झेप.

२ फेब्रुवारी
पुण्याहून प्रियदर्शनीचा फोन. म्हणाली, पप्पा, भारत निर्यातीवर फारसा कर लावतच नाही, मम्मीनं चुकून वाचलं असेल. फोन ठेवून दिला. अंजना किराणाच्या यादीतसुद्धा कधी चुकली नाही. लेकीनं असं बोलावं?

१८ फेब्रुवारी
२०१९ झालं. एकच वर्ष राहिलं. ते ऐकलं की आवाज संपला. अर्थात थांबलोय ते त्यासाठी नाही. पडताळणी म्हणून २००३ पुन्हा ऐकतोय, सतराव्यांदा. हल्ली मोबाइल बंद असतानाही ऐकू येतं. आज बाथरूममध्ये आलं, "दोन हजार सहा, भारत". त्याची भीती वाटत नाही. येत नाही तेव्हा वाटते.

१२ मार्च
प्रकरण गाइडकडे नेलं. डॉ. हंबीरराव, एके काळचा माझाच विद्यार्थी, बारावीला अर्थशास्त्रात काठावर पास. दोन पानं चाळून म्हणाला, सर, ह्ये उलटं हाय की, अर्जेंटिनाचं भारताला लागलंय. कुणी टाइप केलं? मी केलं म्हणालो. तिचं नाव सांगितलं नाही.

१३ मार्च, संध्याकाळी
२०२० ऐकलं. आकडे संपले. मग कागदांची सळसळ, मोठा श्वास, आणि अंजना: "अवो, दुधाला उठले तवा कागद हातात उलटं आलं बघा. दोन हजार तीनपासनं भारताचं ते अर्जेंटिनाचं धरा. परत वाचायला दम न्हाय मला. आणि उठा आता, दिवस मावळायच्या आत जेवून घ्या."

चार महिने ती हे सांगत होती आणि मी ऐकलं नाही. खिडकीबाहेर पाहिलं तर दिवस मावळून गेलेला. आमच्या घरात अंधार पडल्यावर जेवत नाहीत. तसाच बसून राहिलो. खूप रडलो.

१४ मार्च
प्रियदर्शनी म्हणते, पप्पा, दोन कॉलमची अदलाबदल करा, दोन मिनिटांचं काम आहे. पोरीला संशोधन कळत नाही. सगळं नव्यानं ऐकून टाइप करायला हवं, १९९१ पासून. मुदतवाढीचा अर्ज लिहिला. कारण: आकड्यांची पडताळणी. कालावधी: एक वर्ष.

मोबाइल चार्जिंगला लावलाय.