वरच्या ओळीतले गुण

चेंदणी कोळीवाडा, ठाणे (पूर्व)
१२ नोव्हेंबर १९९८

श्री. काळुराम यांस,

नंदाचा नमस्कार.

तुमच्या आईंचा गुडघा आता कसा आहे? माझ्या आईने त्यांच्यासाठी कोलंबीचे सोडे काढून ठेवलेत, मामांबरोबर पाठवीन. डोंबिवलीच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नवी बॅच सुरू झाली. त्यात एक रिटायर्ड बाई माऊसला आधी नमस्कार करतात आणि मगच हात लावतात. मला हसायची सोय नाही, कारण बॅचमध्ये सगळ्यांत लवकर त्याच शिकतायत.

तलावपाळीला तुम्ही विचारलं होतंत, की दामाजीमामांचा कॉम्प्युटर गुण जुळवतो तरी कसा? तेव्हा मी "जुळवतो आपला" म्हणून उडवून लावलं. आज नीट सांगते.

पूर्वी मामा कल्याणच्या त्यांच्या वधूवर केंद्रात पंचांग उघडून बसायचे. त्यातल्या कोष्टकात उभं मुलीचं नक्षत्र, आडवं मुलाचं, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे गुणांचा आकडा. मी ते अख्खं कोष्टक एक्सेलमध्ये उतरवून दिलं. त्यात व्हीलुकअप नावाचं फंक्शन असतं. ते मामांचंच काम करतं. पहिल्या रकान्यात नक्षत्र शोधायचं आणि सापडलं की त्याच ओळीत पुढे सरकून आकडा आणायचा. मग मी मॅक्रो लिहिला, म्हणजे कॉम्प्युटरने एकामागून एक पाळायचे हुकूम. एका मुलाचं नाव द्या, की तो केंद्रातल्या सगळ्या मुली ओळीने बघतो आणि प्रत्येकीपुढे गुण लिहितो. मामा इतके खूश, की आल्यागेल्याला चहाच्या आधी बटण दाबून दाखवायचे.

कटकट एकच होती. एखाद्या मुलीचं नक्षत्र लिहिलेलंच नसलं, की फंक्शनला काही सापडायचं नाही, मॅक्रो मध्येच थांबायचा आणि पडद्यावर पिवळी ओळ यायची. लगेच मामांचा क्लासवर फोन. "अगं नंदे, तुझं मशीन परत रुसलं! पार्टी समोर बसलीय, त्यांना काय पिवळी ओळ दाखवू?" शेवटी वैतागून मी मॅक्रोच्या सुरुवातीला एक हुकूम घातला, की चूक आली तरी थांबायचं नाही, पुढे जायचं. पिवळी ओळ गेली, मामांचे फोनही गेले. मला वाटलं, काम फत्ते.

तुमच्या नावाने यादी काढली तेव्हा माझ्या नावापुढे एकोणतीस गुण आले. मामांनी पेढे वाटले. मार्गशीर्षात साखरपुडा करायचं ठरलं. आतापर्यंत मी तुम्हाला माहीत असलेलंच लिहीत होते, कारण पुढचं लिहायला धीर होत नाही.

मला नक्षत्रच नाही. मी घरी जन्मले. आई एवढंच सांगते, की खाडीला भरती होती आणि पाणी पायरीला लागलं होतं. तारीख कोणी लिहून ठेवली नाही. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लावून टाकली, अर्ध्या वर्गाची तीच होती. नावावरून रास धरतात म्हणा, पण तुमच्या आईंना तसलं चालत नाही, खरी पत्रिकाच लागते, हे त्या पहिल्या भेटीतच बोलल्या. मामा म्हणाले, कॉम्प्युटरने जुळवलीय, तेव्हा कुठे त्या निवांत झाल्या. मला वाटलं, मामांनी कुणा जोशीबुवांकडून माझं नक्षत्र काढून आणलं असेल. मामांना वाटलं, कॉम्प्युटरला ठाऊक असेल.

गेल्या आठवड्यात मी ती फाईल उघडली. माझ्या ओळीत नक्षत्राचा रकाना कोरा. मग आकडा आला कुठून, म्हणून मॅक्रो वाचत गेले. शोध फसला की नवा आकडा येत नाही. पण थांबायचं नाही असं मीच सांगून ठेवलेलं, मग तो हातात असलेला जुनाच आकडा पुढे लिहून मोकळा होतो. जुना म्हणजे वरच्या ओळीतल्या मुलीचा. ती टिटवाळ्याची आहे. एकोणतीस गुण तिचे आणि तुमचे जुळतात, माझे नाहीत.

फाईल बंद करून गप्प बसता आलं असतं. दोन दिवस बसलेही. तुम्ही मला फार आवडलात, म्हणून बसले. पण उद्या संसारात काही बिनसलं आणि आई म्हणाल्या, "गुण तर जुळले होते," तर मी कुठे बघू? आयुष्यभर तोंड लपवून राहायला मला जमणार नाही.

मॅक्रो दुरुस्त केलाय. आता तो आधी सापडलं का ते तपासतो, नसेल तर तसं स्पष्ट लिहितो. माझ्यासारख्या आणखीही काही जणी निघाल्या, पण त्यांचं कुठे ठरलेलं नाही, एवढं बरं. नवी यादी मी बावीस तारखेला, रविवारी, मामांच्या हातात देणार आहे. त्याआधी तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. आईंना सांगा आणि काय ते ठरवा. नाही म्हणालात तर मला खूप रडू येईल, पण राग येणार नाही.

नंदा


कल्याण
१७ नोव्हेंबर

नंदा,

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ते परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मंग ती टिटवाल्याची पोर दिसायला कशी हाय?" मी म्हटलं, "आये, तिला बघायला तू जा. मी ठाण्याला चाललो."

त्यानंतर दोन दिवस अबोला. जेवायला वाढायची, पण ताट आदळून. आज सकाळी आपणहून विचारलं, "ही पोर गप रायली असती तर आपल्याला कललं असतं?" मी नाही म्हटलं. "मंग सांगितलं कशाला?" म्हटलं, "तूच विचार तिला." आता ती रविवारी मामांकडे येते म्हणतेय. आशीर्वाद द्यायला की भांडायला, मला खरंच माहीत नाही. गुडघा धरून जिना चढेल, तेव्हा खुर्ची तयार ठेव.

ती काय बोलेल त्याची वाट बघून मी ठरवणार नाही. माझं ठरलंय. यादीत आपल्या नावांपुढे काही नसलं तरी मार्गशीर्षात मी अंगठी घेऊन येणार.

आणि हो, तुला न विचारता 'तू' लिहिलंय. चालत नसेल तर आईसमोर सांग, म्हणजे तिला एक तरी गोष्ट पटेल.

तुझाच,
काळुराम