बाबांच्या गालावरचा रंग

तीर्थरूप ताईस, तुझ्या अर्धवट भावाचा नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी जाता जाता रेंगाळतेय, त्यामुळे तैलरंग वाळायचं नाव घेत नाहीत. पाच चित्रं काढायला घेतली, त्यातली चार अर्धीच आहेत. घरमालकीण म्हणते, "घरभर वास, आणि भिंतीवर टांगायला एक नाही!"

पाचवं बाबांचं. ते झालंय, पण ओलं आहे. वाळलं का बघायला रोज बोट लावतो, त्यामुळे त्यांच्या गालाला खळगा पडलाय.

बाबा नीट जेवतात ना? तुझ्या पत्रात "बाबा बरे आहेत" तीनदा आलंय. एकदाच लिहिलं असतंस, तर विश्वास ठेवला असता.

शनिवारी निघतोय, चित्र ओलंच घेऊन. वाळलं का, ते आता त्यांनीच बोट लावून बघावं.

तुझा, रंगाचे हात न धुतलेला,
धाकटा