काळी कुणाकुणाला घाबरते

४ जानेवारी
बोका आला! मी मागच्या खिडकीशी मशीनवर पडदे शिवत होते. शिवण अर्धी सोडून धावले, तोवर तपकिरी कोंबडी गेली होती. पिसं तेवढी राहिली. वाईट वाटलं, फार. पण डोळ्यांसमोरून दुसरंच हलत नाही — उरलेल्या तिघी तीन तऱ्हांनी वाचल्या! गावठी काळी उडून थेट छपरावर. टोपीवालीच्या डोळ्यांवर पिसांची झुलपं, तिला बोका दिसलाच नाही. काळी ओरडली म्हणून ती पालथ्या घमेल्याखाली घुसली. आणि फार्मवरून आणलेली पांढरी? जागच्या जागी, मख्ख. जणू बोका मीटरचं रीडिंग घ्यायला आलाय!

नवरा म्हणाला, "आणखी एक गेली ना, की उरलेल्या देऊन टाकायच्या. रोजचं रडणं नको."

६ जानेवारी
छत्री उघडून अंगणात सावली फिरवली — घार समजतात का बघायला. काळी तर सावली पडायच्या आधीच कुंपणाशी, शेजारच्या कोंबड्याजवळ पसार. पांढरी उलट छत्रीखाली येऊन उभी राहिली. गार वाटलं असेल बाईसाहेबांना!

सासूबाई दारातून बघत होत्या. "ऊन लागलंय का गं तुला?"

७ जानेवारी
टोपीवालीची झुलपं कापली. आता सगळं दिसतं आणि दर मिनिटाला दचकते. दिसत नव्हतं तेच बरं होतं की काय?

१२ जानेवारी
काळीचं आठवडाभर अंडं नाही. रोज खुराड्यात हात घालते, रिकामा. एरवी हात गेला की टोचायचीच ती; पांढरी उठून जागा करून देते. बोक्याच्या धास्तीनं अंडी बंद झाली असावीत.

१५ जानेवारी
काळी नाही.

१६ जानेवारी
गटार, छप्पर, शेजारची गच्ची — सगळं पाहिलं. एक पीसही नाही. नवरा चिडला नाही, तेच जास्त लागलं. "सगळ्यांत हुशार ती, म्हणत होतीस ना," एवढंच. कोंबडीवाल्याला फोन केलाय त्यानं. सहा फेब्रुवारीला टेम्पो येणार.

हुशार गेली, मठ्ठ राहिली! माझं सगळं निरीक्षण चुलीत घालायचं का? की जो हलतो त्याच्यावरच झडप पडते, आणि मख्ख उभं राहणं हीच पांढरीची अक्कल? कुणाला विचारू?

२ फेब्रुवारी
पांढरीला मांडीवर घेऊन बसले. झोपली! जीव तुटतो.

५ फेब्रुवारी
काळी आली! पाण्याच्या टाकीमागच्या फटीतून — माणूस शिरत नाही तिथून. अंगानं निम्मी, मागे सात पिलं. म्हणजे अंडी देतच होती. माझा हात पोचणार नाही अशा जागी. नवऱ्यानं लगेच टेम्पोला नको म्हणून कळवलं.

मी दाणे घेऊन धावले. ती कर्कश ओरडली आणि सातही पिलं गवतात दिसेनाशी झाली. बोका नाही, घार नाही. अंगणात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दाणे पायरीवर ठेवले, आत आले, दार लावलं. मग ती खायला आली.