समुद्रावरची हाक

प्रिय चिन-हो,

ओसाकाहून तुमची शवपेटी घेऊन मी तैवानला, तैनानच्या घरी पोचले. वाटेत पाणी ओलांडताना मृताला हाक मारायची, नाहीतर आत्मा मागे राहतो, असं तुमच्या धाकट्या भावानं बजावलं होतं. विमानात मी नुसतं पुटपुटले. शेजारचा प्रवासी बघत होता.

आता दारातल्या मांडवात भावजींनी दोन नाणी टाकून कौल लावला. "दादा, आलास का रे?" दोनदा 'नाही' आलं.

"वहिनी, आता तुम्ही विचारा. पण वर्गातल्या पोरांवर खेकसता तसं नको हं!"

हात धुते म्हणून आत आले आणि हे लिहितेय. मी असलं काही मानत नाही, तरी नळ उगीच चालू ठेवून बसलेय. पुन्हा 'नाही' आलं, तर उद्याच ओसाकाला परत जाईन आणि अख्खा समुद्रभर ओरडत येईन.

तुमची,
सू-हुई