ताईची वांगी नापास झाली, त्याबद्दल

ती. रत्नमालाताईस,

तू फोन उचलत नाहीस म्हणून भिलाईहून धनंजयचा कागदावरूनच नमस्कार. भाऊजींचा खोकला कसा आहे? (हा प्रश्न रीतीचा नाही. पुढे परत विचारणार आहे.)

आधी माझं गाऱ्हाणं ऐक. दिवाळीपासून मला आंघोळीला बादली मिळत नाही. एकीत पालक मिठाच्या पाण्यात पडलेला असतो, दुसरीत फुलकोबी सोड्याच्या. दोघांचं आटोपलं की मगभर पाण्यात मी. या घरात सध्या सर्वांत कमी धुतलेली वस्तू मीच आहे. भाजीत फवारणीच्या औषधाचे अंश राहतात हे तुझ्या भावजयीनं, अन्नपूर्णेनं, कुठंसं वाचलं, तेव्हापासून ही दशा.

मग मीही सरकारचं धोरण वाचून काढलं (प्लांटमध्ये तरी दुसरं काय करतो!). कोणत्या पिकावर काय मारायचं ते एक खातं ठरवतं, ताटात किती उरलं तर चालेल ते दुसरं, आणि तिसरं म्हणतं, भाजी धुऊन खात जा. भेंडीची मर्यादा वेगळी, मिरचीची वेगळी, गव्हाची वेगळी. सगळी आपापल्या मर्यादेत राहून शेवटी एकाच पोटात भेटतात. त्या संमेलनाची मर्यादा काही मला सापडली नाही. तोवर जेवून राहिलो आहे.

त्यातच आमच्या नेहरू नगरच्या कॉलनीनं विषमुक्त भाजीचा कार्यक्रम ठेवला. बाजारातली वांगी आणि कोणाची तरी घरची वांगी, दोन्ही प्रयोगशाळेत पाठवायची होती. मी छाती फुगवून उठलो. माझ्या बहिणीची सावनेरची वांगी आहेत म्हटलं, औषधाचा थेंब नाही! दिवाळीला ठेच्याच्या डब्यासोबत तू जी पिशवी पाठवलीस, तिच्यातलीच दिली. अहवाल भर सभेत वाचला. बाजारातली पास, तुझी नापास. सेक्रेटरी मोनाबाई माइकवरून म्हणाल्या, "धनंजयजी, दीदी को बोलिए, बाजार से ले लिया करें." लोक अजून जिन्यात हसतात.

हे तुला अन्नपूर्णेनं सांगितलं (मी नाही, एवढं ध्यानात ठेव). त्यावर तू म्हणालीस, "मी त्याले वांगे खायले पाठोले, त्यानं त्याइले परीक्षेले बसोलं! अन् हा गणितात किती वेळा बसला होता, विचार त्याले!" आणि फोन बंद.

ताई, तू खोटी नाहीस. वांग्यांवर तू काहीच मारलं नाहीस. पण ती आपल्या रीतीप्रमाणे पऱ्हाटीच्या धुऱ्यावर, बांधाबांधानं लावलेली आहेत, आणि त्या कापसात भाऊजी पाठीवर पंप घेऊन फिरतात. अहवालात निघालं ते कापसाचं औषध; वांग्यात ते नावाला सापडलं तरी नापास. वांग्यापुरती त्याची वेगळी मर्यादाच कोणी बांधलेली नाही, कारण वांग्यावर ते मारायचंच नाही, असं कागद म्हणतो. वाऱ्याला कागद वाचता येत नाही.

असो. रागावण्यातून सवड झाली की लिही. मोनाबाईंना काय उत्तर द्यायचं तेही कळव. तुझ्या तोंडचं असलेलं बरं.

तुझ्या हातचं खाऊन वाढलेला,
धनंजय

ता. क. : खरं काम आता सांगतो. माझ्या पोटात ती वांगी दोनदा गेली; तू तर रोज खातेस. धुऱ्यावरची झाडं यंदा उपटून टाक आणि नवीन अंगणात, मोरीच्या पाण्यावर लाव. आणि भाऊजी तोंडाला नुसता दुपट्टा बांधून वाऱ्यासमोर फवारतात. तो खोकला कधीपासून आहे? अन्नपूर्णेले सांगतेस तसं नको, मले खरं सांग.

ता. क. पुन्हा : हे पत्र घेऊन येणाऱ्या प्रवीणजवळ (अन्नपूर्णेचा भाऊ, ओळखशील) तुझा ठेच्याचा डबा दिला आहे. डबा रिकामा परत करायचा नाही, ही आईची शिकवण. पोळ्याला तू दिलेली रोपं गच्चीवर धरली, त्यांची पहिली तीन वांगी आत आहेत. तिन्ही किडकी. झाकण लावताना एकातली अळी डोकं वर काढून बघत होती. तेवढा भाग कापून भरीत कर.