करकोचा चोच पुसतो

६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपार.

ही वही फक्त माझ्यासाठी. सरोज, वाचत असलीस तर बंद कर.

सकाळी इथे दोह्यात, मदिनत खलीफाला लाऊ सरांच्या व्हिलात ताई चीचा क्लास. क्लास कसला, सर्कस. शतकांची विद्या, आणि लोक घामट मोजे काढून तसेच गालिच्यावर येतात. गालिच्याला वास. 'एकेरी चाबूक' ही चाल करताना एक बाई च्युइंगम चघळत होती. शिसारी आली.

शेवटी सरांनी सांगितलं, ऑक्टोबरअखेर ते कायमचे मलेशियाला, इपोहला परत जाणार. क्लास मात्र चालू राहायला हवा. कोणाच्या हाती द्यायचा ते ४ ऑक्टोबरला जाहीर करतील. हे बोलताना माझ्याकडे बघितलं. म्हणजे ठरलंच. (सरोज मला घ्यायला आली होती, दारात उभी होती. तिच्या मते माझ्या मागे घड्याळ आहे.)

आठ वर्षं पहिल्या रांगेत मी. कोविडच्या हिवाळ्यात क्लास बंद होता तेव्हाही खाडा नाही. रोज पहाटे समुद्रकाठी, कॉर्निशवर, मास्क लावून, एकटा. मागे कोणी ना कोणी उभं राहून बघायचं. मी एकदाही वळून बघितलं नाही. अनोळखी माणसांशी बोलायचा मला वीट आहे.

संकल्प: आमच्या शाखेची वंशावळ करायची. चेन गाव, तिथून यांग घराणं, तिथून इपोह, तिथून लाऊ सर, तिथून मी. फ्लेक्सवर, रंगीत. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात माझ्या नावापुढे काय छापलंय? 'आखातात नोकरी.' संपलं. चिंचवडला झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या चुलतभावाला मात्र अर्धं पान, फोटोसकट. ते पान उघडलं की अजून तोंड कडू होतं. निदान एका तरी वंशावळीत माझं नाव नीट यायला पाहिजे.

चष्मा फार घसरतो. एसीतून बाहेर पडलं की वाफ, मग घाम, मग सरळ नाकाच्या शेंड्यावर. घट्ट करून आणायला हवा. वेळ नाही.

७ सप्टेंबर, शनिवार. गणपती.

मखराशेजारी टेबलावर वंशावळीचा कच्चा कागद पसरला होता. सरोजने त्यावर मोदकांचं ताट ठेवलं. यांग घराण्याच्या तिसऱ्या पिढीवर तुपाचा डाग. ऑफिसातला अमेय आला होता. त्याने विचारलं, कराटे का? मी फरक समजावून सांगायला लागलो. लोकांनी आरती लवकर सुरू केली.

नंतर ईरा म्हणाली, बाबा, नोबडी आस्क्ड. या मुलीला मराठीत अपमानसुद्धा करता येत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार. लंच टाइम.

भयंकर बातमी. अल सद्दला, आमच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून, आणखी एक ताई चीचा क्लास चालतो. शिकवणारा कोण? वली मुकादम. रत्नागिरीचा. एका फ्रेट कंपनीत क्लार्क. यांग घराण्याची शाखा रत्नागिरीत कधी उघडली ते मला तरी माहीत नाही. ताट अर्धं टाकून उठलो. (कँटीनची भेंडीही बुळबुळीत होती.)

शुक्रवारी जाऊन प्रत्यक्ष पाहायचं. मग वंशावळीत तळटीप: 'भ्रष्ट शाखा.'

१३ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळ.

बूटही न काढता लिहायला बसलोय. आनंदाने.

आधी घाण सांगतो. हॉल एका रेस्टॉरंटच्या वर. जिन्यात कढलेल्या तेलाचा वास, हॉलमध्ये बिर्याणीचा. क्लार्क, ड्रायव्हर, नर्स, दुकानातली मुलं, अशी वीसेक माणसं. वली यल्ला यल्ला, म्हणजे अरबीत चला चला, करत फॉर्म (चालींची सलग माळ) सुरू करतो. यांग घराण्यात यल्ला! मी भिंतीला टेकलो नाही, भिंत चिकट होती.

पण. 'पांढरा करकोचा पंख पसरतो' ही चाल झाली आणि सगळ्यांचे उजवे हात कपाळावरून खाली यायच्या आत नाकाच्या दांडीपाशी थांबले. दोन बोटं टेकली, किंचित वर गेली, मग खाली. वीस माणसं. एकसाथ.

ही चाल कुठल्याच पुस्तकात नाही. लाऊ सर करत नाहीत. पण मी करतो! ईराने मागे काढलेल्या व्हिडिओत मी स्वतः पाहिली आहे. करायची म्हणून करत नाही, आपोआप होते. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या दोन शाखा आणि चाल एकच. दूर गावच्या दोन घराण्यांचा कुलदेव एक निघाला तर काय समजायचं? मूळपुरुष एक. म्हणजे ही चाल प्राचीन आहे. लाऊ सरांच्या शाखेतून ती गळाली आणि फक्त माझ्या अंगात टिकली.

नाव मी दिलं आहे: करकोचा चोच पुसतो.

वलीला विचारलं, कोणाकडून शिकलास. तो म्हणाला, काय सांगू भाऊ, माझे उस्ताद कोण ते मलाच ठाव नाय. पुढच्या शुक्रवारी सूक वाकिफला, जुन्या बाजारात, भेटू म्हणाला.

२० सप्टेंबर, शुक्रवार.

सूक वाकिफला टेबल ओलं, कप चिकट, शेजारी कोणी तरी शिशा, म्हणजे हुक्का, ओढत होतं. हे सगळं संशोधनासाठी सहन केलं.

वलीची हकिगत. कोविडच्या हिवाळ्यात याचं काम सुटलेलं. तिकडे रत्नागिरीत वडील गेले, याला जाता आलं नाही. खोलीत बसवेना म्हणून पहाटे कॉर्निशवर फिरायचा. तिथे रोज एक चिनी उस्ताद यायचे. निळी टोपी, तोंडावर मास्क. उंच, ताठ. कोणाशी बोलत नसत, मागे वळून बघत नसत. वली सगळा हिवाळा त्यांच्या पाठीमागे उभा राहिला आणि ते करतील तसं करत गेला. पुढे बाकीच्या चाली यूट्यूबवरून नीट केल्या, पण ती नाकाजवळची चाल यूट्यूबवर कुठेच सापडली नाही. म्हणून ती त्याने जिवापाड सांभाळली. म्हणाला, त्या पाठीनं मला उभं ठेवलं भाऊ, नायतर मी तेव्हाच खलास होतो. आणि डोळे पुसले. चारचौघांत रडणारा पुरुष मला बघवत नाही. पण माहिती अव्वल दर्जाची.

कोण असतील ते? विमानं बंद झाल्यामुळे दोह्यात अडकलेले कोणी तरी महान साधक. गर्दीचा तिटकारा असलेले. अशा माणसाशी माझं जमलं असतं.

घरी येऊन सरोजला सांगितलं. ती भाजी निवडत होती, थांबली. म्हणाली, अरे, तुझी ती सेफ्टी अवॉर्डची टोपीही निळीच होती ना? मी सांगितलं, ती फिरोजी. शिवाय मी पाच फूट चार, आणि वलीचे उस्ताद उंच. ती भेंडी चिरायला लागली. परत भेंडी!

२८ सप्टेंबर, शनिवार.

फ्लेक्स तयार. दुकानवाल्याच्या फॉन्टने मराठीची वाट लावली, 'मूळपुरुष'चा 'मळपरष' झाला. स्केचपेनने उकार दिले. सगळ्यात वर: मूळपुरुष (अज्ञात), निळी टोपी, कॉर्निश. त्याखाली दोन फांद्या. उजवीकडे वली. डावीकडे जाड रेषेने मी. लाऊ सर बाजूला, तुटक रेषेने. त्यांना वाईट वाटेल, पण शास्त्रापुढे इलाज नाही.

वलीला त्याच्या सगळ्या लोकांसकट ४ तारखेला बोलावलं आहे. साक्षीदार हवेत. पहाटेचं वातावरण हुबेहूब यावं म्हणून मी मास्क आणि ती टोपी घालून फॉर्म करून दाखवणार.

४ ऑक्टोबर, शुक्रवार.

लिहायचं नव्हतं. पण वहीत सगळं लिहायचं, नियम म्हणजे नियम.

व्हिलाच्या अंगणात जमलो. हवा दमट, शर्ट पाठीला चिकटलेला. आधी फ्लेक्स उलगडला. मग टोपी, मास्क, आणि सगळ्यांकडे पाठ करून फॉर्म सुरू. करकोच्यापाशी हात नाकावर गेला. मी तिथेच थांबलो, वळलो, आणि बोलायला लागलो. लुप्त चाल, दोन शाखा, मूळपुरुष. बराच वेळ बोललो असेन. डास चावत होते.

लाऊ सरांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या त्या हळू इंग्रजीत म्हणाले, गुरू (हे माझं नाव, पदवी नाही), ती चाल नाही, तू चष्मा वर सरकवतोस. आठ वर्षं बघतोय. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, पहिल्याच दिवशी तू सांगितलं होतंस की मध्येच टोकलेलं तुला आवडत नाही.

मी म्हणालो, मग वलीच्या उस्तादांचं काय? आणि वलीकडे बघितलं.

वली माझ्या टोपीकडे बघत होता. मग मास्ककडे. पुढे आला, अगदी जवळ, आणि म्हणाला, जरा पुन्हा पाठ करा. मी केली. का केली कोण जाणे. वळलो तर तो मूठ तळव्यावर ठेवून, वाकून उभा. उस्ताद, म्हणाला. डोळ्यांत पाणी. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, तो हात चष्म्याचा होता?

मी होकारार्थी मान हलवली.

त्याच्या लोकांना मराठी येत नाही, इंग्रजीही बेताचंच. त्यांना कळलं नाही, आणि मी वलीला विनवलं की सांगू नकोस. पण सरोजला कळलं. ईरालाही कळलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

क्लास लाऊ सरांनी वलीला दिला. कारण विचारलं. म्हणाले, तो विचारतो, तू सांगतोस.

येताना गाडीत सरोज म्हणाली, लिही ना आता अज्ञातच्या जागी तुझं नाव. चेष्टेत म्हणाली की मनापासून, कळलं नाही. फ्लेक्स डिकीत आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार.

ताई ची सोडली. मुळात व्यायाम म्हणून ठीक आहे, बाकी काही दम नाही. पोहायला जाणार.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.

पूलमध्ये कोणाची तरी जखमेवरची पट्टी तरंगत होती. पोहणं सोडलं.

वलीने फोन केला. उचलला नाही, तर आवाजी मेसेज पाठवला: उस्ताद, तुम्ही न येता कसं चालेल? तो मेसेज मात्र पुन्हा पुन्हा ऐकला. वलीच्या आधी मला उस्ताद कोणीच म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते माझी फक्त पाठ बघून. नुसत्या पाठीवर एक माणूस जगला आणि मला पत्ता नव्हता. एकदा जरी वळलो असतो तरी मास्कवरचे डोळे त्याला दिसले असते, आणि त्या डोळ्यांत तेव्हा काय असायचं ते मला माहीत आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार. रेस्टॉरंटखाली, गाडीत.

चष्मा घट्ट करून घेतला. आता हलत नाही. मग अल सद्दच्या क्लासला गेलो. फक्त बघायला, असं ठरवून. शेवटच्या रांगेत उभा राहिलो. तेल, बिर्याणी, चिकट भिंत, सगळं तसंच. वलीने लांबून बघितलं. यल्ला म्हणाला आणि सुरू केलं.

करकोच्याने पंख पसरले. पुढच्या सगळ्यांचे हात नाकाकडे गेले. त्यांतल्या एकालाही चष्मा नाही. मी शुद्ध यांग पद्धतीने, कुठेही न थांबता, हात थेट खाली आणला.

शेजारी नवीन आलेली एक नर्स होती. ती हळूच कुजबुजली, अंकल, आपका एक स्टेप छूट गया. मग माझं मनगट धरून दोन बोटं नाकाच्या दांडीला टेकवली आणि म्हणाली, ऐसे. फिर से करो.

मी पुन्हा हात वर नेला. चष्मा जागेवरच होता.